उन्हाचा पाटकरी

सुखदेव नाना पगारे सूर्य उगवला असं कधी म्हणायचे नाहीत. ते म्हणायचे, "रेक लागनी." सकाळी ओट्यावर चहाची बशी घेऊन पूर्वेकडे तोंड करून बसायचे आणि टेकडीमागून सूर्याची कड दिसली रे दिसली की बशी खाली ठेवून गल्लीभर ऐकू जाईल अशी वर्दी द्यायचे. भुसावळजवळच्या औष्णिक वीज केंद्रात, कोळशाच्या यार्डात त्यांची उभी नोकरी गेली. तिथे कोळशाची मालगाडी आली की 'रेक लागली' म्हणायचे आणि सगळे वाघिणींकडे, कोळशाच्या डब्यांकडे, धावायचे. पुढे तिथली जुनी युनिटं एकेक करून बंद झाली, नाना निवृत्त होऊन गावी आले, पण वर्दी द्यायची सवय सुटेना. गल्लीतल्या बायासुद्धा मग एकमेकींना विचारू लागल्या, रेक लागली का गं, पापड वाळत घालायचेत.

"ही गाडी कधी लेट नाही," नाना मला सांगायचे. "हिला सिग्नल नाही, डिझेल नाही, आणि माल उतरवायला फावडं लागत नाही." एवढं बोलून हसायचे. नाना आधी हसायचे आणि मग कशाला हसलो ते सांगायचे, त्यामुळे समोरचा माणूस कारण कळायच्या आत हसायला लागलेला असायचा. हसणं तरी कसं, आवाज नाही, नुसते खांदे गदागदा हलायचे, डोळ्यांतून पाणी यायचं आणि शेवटी टोपी काढून तोंडावर धरायची. मी आयुष्यात एवढी कुणाबरोबर हसलेली नाही. आणि तेही नोकरीवर असताना, हे विशेष.

मी जळगावची. डिप्लोमा करून धुळ्याच्या एका सोलर बसवणाऱ्या ठेकेदाराकडे लागले होते. साक्री तालुक्यात पांझरेकाठी एका गावाने मिळून गायरानावर स्वतःचं सौर केंद्र उभारायचं ठरवलं होतं. त्यावर विहिरींच्या मोटारी चालवायच्या, पिठाची गिरणी आणि मिरची कांडायचं मशीन चालवायचं, आणि मालकी अख्ख्या गावाची. ठेकेदाराने जागा मोजायला मला पाठवलं. गायरानात पोचले तर डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला एक माणूस माझीच वाट बघत उभा. रामराम नाही, नाव-गाव विचारणं नाही. त्यांनी माझ्या स्कूटीच्या सीटवरून बोट फिरवलं, बोट माझ्यासमोर धरलं आणि म्हणाले, "धूळ आहे, पण काजळी नाही. या."

ही नानांची परीक्षा. टेबल असो, भिंत असो, देवळाचा खांब असो, नाना त्यावरून बोट फिरवणार आणि बोटाकडे बघणार. काजळी नसली की खूश. पुढे एक बडे साहेब पाहणीला आले तेव्हा साहेब गाडीतून उतरायच्या आत नानांनी बॉनेटवरून बोट फिरवून 'पास' असं जाहीर करून टाकलं होतं. साहेबांना वाटलं गावात काहीतरी प्रथा असेल, त्यांनीही गंभीर चेहऱ्याने बॉनेटवर बोट फिरवलं. मला तिथून पाणी आणायच्या निमित्ताने पळावं लागलं.

पांढऱ्या कपड्यांचं कारण शांताकाकूंनी सांगितलं. त्या नानांच्या बायको. "लगीन व्हयनं तवयपासून मी हाऊ माणूस धुई राह्यनू," त्या म्हणाल्या. "रिटायर व्हयना, तरी वरीसभर पाणी काळंच निघे. आते कुठे कापूस दिसस." नाना शेजारी बसून मान डोलावत होते, एखाद्याने आपला सत्कार करावा तसे.

पण नानांचा जीव खरा कशात अडकला होता ते सांगायचं तर फड सांगावा लागेल. पांझरेकाठच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली पाणी वाटायची रीत म्हणजे फड. नदीवर बंधारा, तिथून पाट, पाटाखालची सगळी जमीन गावाने मिळून भिजवायची. पाणी सोडणारा तो पाटकरी. त्या गावात पाटकरी नेहमी बिनजमिनीच्या घरातला नेमायचे, कारण ज्याचं स्वतःचं वावर पाटाखाली आहे त्याच्या हातात पाणी द्यायला कुणी तयार नसे. नानांचे वडील जन्मभर पाटकरी होते. गावाचा त्यांच्यावर देवासारखा विश्वास, आणि त्यांच्या नावावर एक वाफासुद्धा नाही. सगळ्यांच्या पाळ्या पाठ असलेल्या त्या माणसाला स्वतःची पाळी म्हणून कधी आलीच नाही.

म्हणून वीज कशी वाटायची हे ठरवायला गाव बसलं, तेव्हा नानांनी एकच मागणं मांडलं. हिस्सा एकरावर नको, घरावर द्या. एक घर, एक हिस्सा, जमीन असो नसो. गावातली एक तृतीयांश घरं बिनजमिनीची, त्यात नानांची बौद्ध वस्ती आली, दोन-तीन मुसलमान घरं आली. समोर बसले होते भदाणे आबा. गावातले सगळ्यात मोठे शेतकरी, पाणी कमिटीचे अध्यक्ष, आवाज भरदार. माणूस वाईट नव्हता, पण सगळं एकरात मोजायची सवय होती ती होतीच.

"नाना, ज्याले वावर नही तो ईज ली काय करी?" आबांनी विचारलं.

"दळीन, कांडीन. नहीतं मनी पाळी तुले दिसू, तू मनी बकरीले चारा दे," नाना म्हणाले. "पण पाळी मनी शे, हाई आधी बोल."

आबांनी मान हलवली. एकरावरच, म्हणाले. तेव्हा नाना हसायला लागले. "बरं, एकरावर," म्हणाले. "आते ईजना पाटकरी नेमा. मी काही व्हवाव नही."

पुढची दोन तासांची मजा मी जन्मात विसरणार नाही. एकाचं नाव निघालं, दुसरा म्हणाला, तो नको, त्याची मोटर तारेवर पहिली. दुसरं नाव निघालं, तो आबांचा साडू निघाला. तिसरा शेवटच्या मोटारवाल्याचा व्याही. चौथा पहिल्याशी बोलत नव्हता. पाचव्याने स्वतःच हात जोडले, म्हणाला, मला माझाच भरवसा नाही. नाना मांडी घालून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते आणि प्रत्येक नाव पडलं की एक शेंग बाजूला ठेवत होते. अकरा शेंगा जमल्या. आबांनी त्या शेंगांकडे पाहिलं, मग गावाकडे पाहिलं, आणि त्यांच्या मिशीच्या टोकाला हसू आलं. ते त्यांनी लगेच पुसलं.

"एक वरीस," आबा म्हणाले. "घरावर हिस्सा, तू पाटकरी. पण वरीसमां एक दिन जरी शेवटली मोटर बंद पडनी, तं हिस्सा एकरवर. कबूल?"

"कबूल," नाना म्हणाले आणि अकरा शेंगा आबांच्या पुढे सरकवल्या.

होळी झाली आणि केंद्र सुरू झालं. फडाच्या रिवाजाप्रमाणे नानांनी पहिली पाळी शेवटच्या मोटारीला दिली. पाटाच्या शेवटी असणाऱ्याला आधी, म्हणजे वाटेत कुणी चोरणार नाही. इथवर ठीक. पण खटका वर केला आणि नाना तारेच्या बाजूबाजूने शेवटच्या विहिरीकडे चालायला लागले.

"नाना, कुठे?"

"विजेबरोबर."

"अहो, ती केव्हाच पोचली."

"पोचली असेल. पण बरोबर कोणी गेलं का?"

पाटकऱ्याने पाण्याबरोबर चालत जायचं असतं, ही त्यांच्या वडिलांची रीत. पाणी कुठे फुटतं, कुठे मुरतं, कुठे कुणाचं रेडकू पाटात बसलंय, हे चालल्याशिवाय कळत नाही. वीज डोळ्यांचं पातं लवायच्या आत जाते हे मी त्यांना कागदावर चित्र काढून समजावलं. त्यांनी चित्र नीट पाहिलं, छान काढलंय म्हणाले, घडी करून खिशात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू पडले. आठवड्यातून दोनदा माझी तिथे फेरी असायची आणि दोन्ही वेळा मला त्यांच्याबरोबर विजेला पोचवायला जावं लागायचं. लोक बांधावरून विचारायचे, ताई, आज वीज दमली का, सावकाश चालली. पंधराव्या दिवशी याच चालण्यात नानांना एका खांबावर सैल झालेला जोड दिसला, ठिणग्या टाकत होता. खाली वाळलेल्या गव्हाचं वावर. मी जोड आवळून खाली उतरले तेव्हा नानांचे नुसते खांदे हलत होते. त्या दिवसापासून मी चित्र काढणं सोडलं.

सगळ्यांच्या पाळ्या नाना मिनिटाबरहुकूम द्यायचे. सूर्य ढगात गेला तर तेवढी मिनिटं पुढे मोजून द्यायचे. आमच्या वस्तीतल्या घरांच्या पाळ्या गिरणीवर जायच्या, काही शेजारच्या शेतात जायच्या आणि बदल्यात मेथीच्या जुड्या, कडबा, ताकाची बरणी घरी यायची. (आमच्या वस्तीतल्या, असं मी लिहून गेले. राहू दे.) फक्त नानांची स्वतःची पाळी आली की ते ती कुणाला ना कुणाला देऊन मोकळे व्हायचे. मी एकदा विचारलं. त्या दिवशी ते हसले नाहीत. "ताई, वर्ष सरू द्या. जाणारच असली तर चव कशाला लावून घेऊ?" म्हणाले. मला फार वाईट वाटलं, आणि तेव्हा कळलं की हा माणूस रोज शेवटच्या मोटारीपर्यंत का चालत जातो.

आणि मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला औजारांची पूजा. विळा, कुदळ, नांगर, ट्रॅक्टर, जे कामाला येतं ते धुवायचं, हळद-कुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा. त्या दिवशी मी दुपारच्या जेवणाला बसणार तोच नानांचा फोन आला. "ताई, ऊन चोख आहे, पण शेवटची मोटर बसली. बाकीच्याही कण्हताहेत. आबा येऊन उभे आहेत." आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता. मी धुळ्याहून निघाले ते थेट केंद्राच्या खोलीत शिरले. यंत्र उघडलं, तारा तपासल्या, फ्यूज पाहिले. सगळं जागच्या जागी. मी घाम पुसत होते. दारात आबा काठी टेकून उभे. शेवटच्या मोटारीचा मालक घरून दोनदा येऊन गेला होता.

नाना त्या सकाळी खटका वर करून लगेच धुळ्याला गेलेले, त्यामुळे त्या दिवशीचं चालणं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी दसरा, म्हणजे वस्तीत धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम, त्याचं सामान आणायचं होतं. परतले ते सरळ खोलीवर आले, आणि पॅनलं खोलीच्या पाठीमागे, रस्त्यावरून न दिसणारी. मी पुन्हा एकदा सगळे फ्यूज काढून बसवले. शेवटी नाना म्हणाले, "पाटात अडकलं असेल काही. चला, चालून बघू." आम्ही खोलीच्या मागच्या बाजूला आलो आणि समोर गायरान होतं.

गायरान पिवळंधमक झालेलं. एकूण एक पॅनलवर झेंडूचा हार. मनगटाएवढे जाड हार, काचेवर आडवे, उभे, काही ठिकाणी नक्षीदार वळसे. मधोमध हळदीकुंकवाचे पंजे, तांदूळ, विड्याची पानं, एकावर तर अख्खा ऊस. गावाने आपल्या नव्या औजाराची पूजा केली होती. काचेवर एका पानाची सावली पडली तरी ओळीतली सगळी पॅनलं ढेपाळतात, इथे तर अख्खी बाग फुलली होती. बौद्ध वस्तीने हार घातले नव्हते, पण बायांनी सकाळीच काचा ओल्या फडक्याने लखलखीत पुसून ठेवल्या होत्या, म्हणून हार आणखी शोभून दिसत होते.

नाना खाली बसले. टोपी तोंडावर गेली. मग मी बसले. आबा मागून आले, त्यांना वाटलं आम्ही रडतोय. "काय व्हयनं? काबरं बठनात?" म्हणाले. नानांना बोलता येईना, त्यांनी नुसतं बोट दाखवलं.

आबांच्या ध्यानात आलं, पण ते लगेच मऊ पडले नाहीत. "कशानी बी बंद पडो," ते म्हणाले, "मोटर बंद पडनी ना? बोली ती बोली."

नानांनी डोळे पुसले. उठले, पॅनलांच्या ओळीतून चालायला लागले, आम्ही मागे. एकेका हारावर हात ठेवून ते विचारायचे, हा कुणाचा. तोवर गाव जमलं होतं, आपापला हार सांगायला बाया पुढे येत होत्या, माझा तो शेवंती घातलेला, माझा तो दुहेरी. सगळ्यांचा एकेक. चौथ्या ओळीत एकसारखे सहा हार लागले, सगळ्यांत जाड, मध्ये गुलाब गुंफलेले. हे कुणाचे, नानांनी विचारलं. बाया पदरात हसू लागल्या. आबा आकाशाकडे बघत होते.

"आबा," नाना म्हणाले, "तू हार बी एकरवर घालस का?"

अख्खं गाव फुटलं. मला वाटतं नदीपलीकडच्या गावातही ऐकू गेलं असेल. आबा क्षणभर लालबुंद झाले, मग त्यांची मिशी थरथरली, मग पोट हलायला लागलं. काठी बगलेत धरून त्यांनी स्वतःच्या हातांनी पाच हार काढले. सहाव्यापाशी थांबले.

"एक ऱ्हाऊ दे?" त्यांनी विचारलं.

"घरले एक," नाना म्हणाले. "पण आज तो बी काढ. सांजले परत घाल, रेक गई का."

माणसं आपापले हार उतरवत गेली तशा मोटारी एकेक करून सुरू होत गेल्या, शेवटची सगळ्यात आधी, कारण नानांनी तिच्या ओळीवरचे हार पहिल्यांदा उतरवायला लावले. पाणी पडल्याचा आवाज आला तेव्हा आबा कुणाकडे न बघता मोठ्याने म्हणाले, "मोटर आम्ही बंद पाडी. नाना नही. वरीस चालूच शे." एवढं बोलून ते घरी गेले.  संध्याकाळी सगळे हार पुन्हा चढले, आणि आबांचा एक.

पुढची होळी आली तेव्हा माझी बदली दोंडाईच्याकडच्या कामावर झाली होती. वर्षाची बैठक मला हुकली. कुणीतरी फोनवर सांगितलं की बैठक झालीच नाही. आबा आले, हिस्सा घरावर राहील असं उभ्याउभ्याच सांगितलं आणि कांदे काढायचेत म्हणून निघून गेले. मला आनंद झाला, आणि नानांना भेटल्याशिवाय राहवेना. चैत्रातली दुपार होती, ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नाही. नाना घरी नव्हते. शांताकाकू म्हणाल्या, "आज त्यानी पाळी शे. तठे देख."

मी वस्तीशेजारच्या शेतातल्या विहिरीकडे गेले. मोटर पूर्ण जोरात चालू होती. पाइपातून मनगटाएवढी नव्हे, मांडीएवढी जाड धार पाटात कोसळत होती आणि त्या धारेखाली नाना बसले होते. अंगात बनियन, डोळे मिटलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर. पाणी डोक्यावर आपटून चहूकडे उडत होतं आणि पाटाने पुढे शेजारच्या मिरच्यांत जात होतं, म्हणजे वाया काही नव्हतं. खांदे हलत होते. त्यांना मी दिसले नाही, आणि मी हाकही मारली नाही.

खटक्यापाशी भदाणे आबा उभे होते. स्वतःच्या पाळीचा खटका पाटकऱ्याने स्वतः धरायचा नाही, दुसऱ्याने धरायचा, हा फडाचा नियम. त्या तासाला गावाचे पाटकरी आबा होते. डोक्यावर उपरणं, एक हात खटक्यावर, डोळे मनगटावरच्या घड्याळाकडे.

"नाना, तुनी पाळी सरनी," ते ओरडले.

नानांनी डोळे उघडले नाहीत. उठायला म्हणून एक हात जमिनीवर टेकला.

आबांनी घड्याळ मनगटावरून काढलं, सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि खटका तसाच चालू ठेवून त्यावरचा हात काढून घेतला.

"बस, नाना," म्हणाले. "ऊन शे आजून."